बेमुदत सनद

दिल्लीच्या दक्षिण अंगाला, आऊटर रिंग रोडच्या कडेने, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर मुनिरका नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे ते अशासाठी, की महसुली दप्तरात त्याच्याभोवती ओढलेला 'लाल डोरा' आणि टोकस आडनावाच्या जाट घराण्यांची जुनी वहिवाट तेथे अजून शाबूत आहे; एरवी शेत म्हणावे असे जे काही होते ते विद्यापीठ, सरकारी वसाहती आणि डीडीएच्या सदनिका उभ्या राहिल्या तेव्हाच या गावाने गमावले, आणि उरलेल्या गावठाणावर चार-चार, पाच-पाच मजले चढवून त्याने भाडेकरू हेच आपले पीक मानले. गल्ल्या अशा की समोरून मोटारसायकल आली तर माणसाने दारात सरकून उभे राहावे. माथ्यावर विजेच्या आणि केबलच्या तारांचे जाळे इतके दाट की भर दुपारी खाली सावलीच असावी. आणि या सावलीत मणिपूर-नागालँडच्या मुली, बिहारचे विद्यार्थी, मल्याळी परिचारिका आणि आपल्याकडचे, म्हणजे नांदेड, परभणी, सोलापूर अशा ठिकाणचे, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा ध्यास घेतलेले तरुण एकमेकांच्या शेजारी राहतात.

अशाच एका मराठवाड्यातील तरुणाकडे, त्याच्या वडिलांशी असलेल्या जुन्या स्नेहामुळे, मी दोन दिवस उतरलो होतो. खोली चौथ्या मजल्यावर. भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर राज्यघटनेची प्रत, आणि त्या प्रतीतच घडी करून ठेवलेला भाड्याचा करारनामा. मी तो सहज उघडून पाहिला. मुदत अकरा महिन्यांची. ती वर्षाच्या आत ठेवली म्हणजे नोंदणीची सक्ती टळते, म्हणून हिंदुस्थानातील बहुतेक शहरांत हा अकराचा आकडा रूढ झाला आहे. करारनाम्याबरोबर पोलीस व्हेरिफिकेशनच्या अर्जाची नक्कल होती: नाव, वडिलांचे नाव, मूळ गावचा पत्ता, छायाचित्र, ओळखपत्र. भाडेकरूची वर्दी ठाण्यात दिली नाही तर गुन्हा घरमालकावर दाखल होतो, म्हणून घरमालक या बाबतीत भाड्याहूनही दक्ष असतो. करार संपला की नवा करार, आणि त्याबरोबर बहुधा नवा अर्जही.

त्या रात्री झोप लागेपर्यंत मनात एकच विचार घोळत राहिला. या खोलीत प्रत्येक गोष्टीला मुदत आहे. भाड्याला आहे, परीक्षा देण्याच्या वयाला आहे, पलीकडच्या संसद भवनात बसणाऱ्या लोकसभेलाही पाच वर्षांची आहे. परंतु या मुलाचा टेलिफोन ऐकण्याचा, त्याचा संदेश वाटेत अडवण्याचा, त्याचे पत्र फोडण्याचा जो अधिकार सरकारजवळ आहे, त्या अधिकाराला मुदत नाही. एकेका टेलिफोनवरचा हुकूम साठ दिवसांचा असतो आणि फार तर एकशे ऐंशी दिवसांपर्यंत लांबतो, हे खरे. पण तसे हुकूम काढण्याची जी मूळ सनद आहे ती बेमुदत आहे. लॉर्ड डफरिन व्हाइसरॉय असताना, १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमात 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हे दोन शब्दप्रयोग लिहिले गेले. साम्राज्य गेले, प्रजासत्ताक आले, खुद्द तार २०१३ साली बंद झाली, आणि तरी ते दोन शब्दप्रयोग २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या विसाव्या कलमात जसेच्या तसे येऊन बसले.

याच मुनिरकात १७ एप्रिल २०१८ रोजी सकाळी पुण्याचे पोलीस आले. आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर भरलेली एल्गार परिषद, दुसऱ्या दिवशी भीमा-कोरेगाव येथे उसळलेला हिंसाचार, आणि विश्रामबाग पोलीस ठाण्यात नोंदलेली फिर्याद हा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्या तपासात, राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी काम करणाऱ्या समितीचे कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या मुनिरकातील घराची झडती झाली, लॅपटॉप आणि अन्य साधने जप्त झाली, आणि ६ जूनला त्यांना तेथूनच अटक झाली. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी त्यांचा संबंध असल्याचा सरकार पक्षाचा आरोप आहे, आणि त्या आरोपाचा मोठा आधार म्हणजे त्या लॅपटॉपमध्ये सापडलेली पत्रे. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संगणक-न्यायवैद्यक संस्थेने, बचाव पक्षाच्या वतीने लॅपटॉपच्या प्रतिकृतीची तपासणी करून, असा अहवाल दिला की बाहेरच्या कोणी तरी जून २०१६ मध्ये एका ईमेलद्वारे त्या यंत्रात शिरकाव करून घेतला, बावीस महिन्यांहून अधिक काळ त्यावर ताबा ठेवला, आणि ती पत्रे तेथे आणून ठेवली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच संस्थेने विल्सन यांच्या फोनवर पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या खुणा आढळल्याचेही सांगितले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष अमान्य केले आहेत, आणि पुराव्याचा खरेखोटेपणा खटल्यातच ठरावा अशी तिची भूमिका आहे. तो खटला सुरू होण्यापूर्वीच विल्सन यांची साडेसहा वर्षे तुरुंगात गेली. ८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, इतका काळ लोटूनही आरोपनिश्चिती झालेली नाही आणि खटला नजीकच्या काळात संपण्याची चिन्हे नाहीत हे पाहून, त्यांना जामीन दिला.

विल्सन दोषी की निर्दोष हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि ते सांगण्याची माझी इच्छाही नाही. ते काम न्यायासनाचे. मला जे अस्वस्थ करते ते निराळे आहे. पूर्वी झडतीला पोलीस येत तेव्हा दारातून येत; पंच बोलावले जात, काय सापडले ते लिहिले जाई, आणि घरधन्याला निदान एवढे कळे की आपल्या घरात परका माणूस शिरला आहे. आता परका माणूस बावीस महिने घरात बसून राहू शकतो आणि घरधन्याला त्याची चाहूलही लागत नाही. मग ज्या दिवशी पंच येतात त्या दिवशी त्यांना पेटीत कागद दिसतो. तो तेथे कोणी ठेवला आणि केव्हा, हे पंचनाम्यात उतरत नाही. दुसऱ्याच्या यंत्रात कागद आणून ठेवण्याचा अधिकार या देशातील कोणताही कायदा कोणालाही देत नाही. तरीही, पाळतीच्या आडून असे घडले असेल तर त्याचा जाब कोणापुढे मागायचा, याची स्वतंत्र तरतूद करणारा कायदा संसदेने केलेला नाही.

आणि तरीही मुनिरकात बसून पाळतीविरुद्ध लिहिताना माणसाने जरा थांबावे असे एक ठिकाण तेथेच आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री ती तेवीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र ज्या बसमध्ये चढले, ती बस त्यांनी मुनिरकाच्या थांब्यावरून घेतली होती. त्या थांब्यावरून जाताना आजही पाऊल जड होते. त्यानंतर दिल्लीत कॅमेरे आले, हजारोंनी नव्हे तर लाखोंनी आले, आणि मुनिरकाच्या गल्लीतील कोणत्याही आईला विचारले तर ती म्हणेल की आणखी यावेत. तिचे म्हणणे खोटे नाही. राज्यसंस्थेला डोळे असलेच पाहिजेत. आंधळे राज्य दुबळ्याचे रक्षण करू शकत नाही. परंतु त्याच घटनेनंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या समितीने एकोणतीस दिवसांत अहवाल दिला, आणि त्यानंतर २०१३ साली संसदेने फौजदारी कायद्यात जी दुरुस्ती केली, तिच्यात स्त्रीच्या खाजगी क्षणांकडे चोरून पाहणे आणि तिच्या ईमेलवर, इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हे दोन नवे गुन्हे लिहिले गेले, ही गोष्ट मात्र आपण विसरतो. एका मुलीच्या मरणाने या देशाला डोळे दिले आणि त्याच वेळी पाहण्याला मर्यादा असते हेही कायद्यात लिहवून घेतले. गुन्हा निवारण्यासाठी राज्याने नेमलेल्या माणसाला त्या कलमात सूट आहे. त्या सुटीला सीमा कोणती, हाच आपला विषय आहे.

ही सीमा घटनेतच लिहिली जावी असा प्रयत्न झाला होता, आणि त्यात आपल्या मुलखातील दोन माणसांचा वाटा होता. मार्च १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे निवेदन ठेवले त्यात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मिळावे असे कलम होते. कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता. उपसमितीने तो स्वीकारलाही; परंतु बेनेगल नरसिंह राव, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या जाणकारांना तपासात अडथळा येईल अशी धास्ती वाटली आणि सल्लागार समितीत तो गळाला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करिमुद्दीन यांनी तेच तत्त्व दुरुस्तीच्या रूपाने घटना समितीपुढे आणले. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनी सांगितले की ही तरतूद फौजदारी जाबत्यात आहेच, पण कायदेमंडळाच्या हातापलीकडे ती ठेवणे उपयुक्त आहे, म्हणून आपण ती मान्य करण्यास तयार आहोत. मसुद्याचा शिल्पकार तयार होता आणि तरीही सभागृहाने दुरुस्ती फेटाळली. पुढील सत्तर वर्षांतील कितीतरी खटले, कितीतरी निकाल, इतकेच नव्हे तर खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानणारा २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा पुट्टस्वामी निकाल, हा त्या फेटाळलेल्या दुरुस्तीची भरपाई करण्यात खर्च झालेला काळ आहे असे मला वाटते. त्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, आणीबाणीत नागरिकाला अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही असे ठरवणारा १९७६ चा निकाल रद्दबातल केला; त्या जुन्या निकालाच्या बहुमतात त्यांचे वडील, पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. मुलाने वडिलांच्या लेखणीवर रेघ ओढावी याहून घटनेची थोरवी दुसरी कोणती?

आता मुदतीकडे येतो, कारण माझे खरे म्हणणे तेथेच आहे.

ज्या कायद्याने जालियनवाला बागेचा रक्तपात ओढवला त्या १९१९ च्या रौलट कायद्यालासुद्धा मुदत होती: महायुद्ध संपल्यापासून तीन वर्षे. स्वतंत्र भारताने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा पहिला कायदा केला तो घटना अमलात येऊन महिनाही पुरता लोटला नसताना, फेब्रुवारी १९५० मध्ये. तो मांडताना सरदार पटेलांनी, म्हणजे कणखरपणाबद्दल ज्यांची ख्याती होती त्या माणसाने, या विधेयकापायी आपल्या रात्री झोपेविना गेल्या असे संसदेला सांगितले. या कायद्याची मुदत एका वर्षाची होती. म्हणून १९५१ साली सरकारला पुन्हा सभागृहापुढे यावे लागले. आणि यावे लागले म्हणून प्रत्येक स्थानबद्धाचे प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवण्याची तरतूद कायद्यात शिरली, जी पहिल्या वर्षी काही प्रकरणांपुरतीच होती. १९५२ मध्ये पुन्हा यावे लागले. आणि स्थानबद्धाला मंडळापुढे जातीने उभे राहून आपली कैफियत मांडण्याचा हक्क मिळाला. कायदा वाईटच होता, मी त्याची वकिली करीत नाही. पण दर मुदतवाढीला विरोधी बाकांवरून जाब विचारला जाई, गृहमंत्र्याला किती माणसे आत आहेत याचा आकडा द्यावा लागे, आणि ती झोंबाझोंबी चालू असता कायद्याचे दात थोडे थोडे बोथट होत. अखेर १९६९ साली काँग्रेस फुटून इंदिरा गांधींचे सरकार डाव्या पक्षांच्या आधारावर टेकले तेव्हा मुदतवाढ मागण्याचे बळ उरले नाही, आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री तो कायदा आपोआप मेला. दीडएक वर्षाने त्याच्या जागी मिसा हा अंतर्गत सुरक्षेचा कायदा आला, आणि त्याने आणीबाणीत काय केले हे आपल्या वडीलधाऱ्यांना स्मरते; तो जायला राजवट बदलावी लागली.

टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची कथाही तीच. १९८५ साली दोन वर्षांसाठी आलेला कायदा, दर दोन वर्षांनी वाढवलेला. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला त्याच कायद्याखाली चालला, तेव्हा त्याची गरजच नव्हती असे निदान मुंबईकराने तरी म्हणू नये. पण त्याच कायद्याखाली देशभर शेतकरी, विद्यार्थी, कामगार पुढारी कोंडले गेले, हेही तितकेच खरे. १९९५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी प्रत्येक खासदाराला पत्र लिहून मुदतवाढ देऊ नये असे आवाहन केले, आणि २३ मे १९९५ रोजी टाडा संपला. तशा पत्रासाठी एखादी तारीख ठरलेली असावी लागते. बेमुदत कायद्याविरुद्ध असे पत्र कोणत्या दिवशी लिहायचे?

टेलिफोन ऐकण्याच्या सनदेला अशी तारीख कधीच आली नाही, त्यामुळे तिची चर्चा संसदेत व्हायची ती अपघाताने. १९८६ साली असा एक अपघात झाला. टपाल कायद्यात दुरुस्ती करून पत्रे अडवण्याचा अधिकार विस्तारणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी प्रचंड बहुमताच्या बळावर संमत केले. परंतु राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. त्यांनी ते नाकारले नाही, परतही पाठवले नाही; नुसते ठेवून दिले. त्यांच्यामागून आलेल्या वेंकटरामन यांनी १९९० मध्ये ते पुनर्विचारासाठी राज्यसभेकडे धाडले, आणि २००२ साली ते मागे घेण्यात आले. एका राष्ट्रपतीच्या टेबलावर पडून राहिलेल्या कागदाने या देशातील पत्रांचे रक्षण केले. २०२३ च्या टपाल कायद्याच्या नवव्या कलमाने मात्र पत्रे अडवण्याचा आणि फोडण्याचा अधिकार पुन्हा लिहिला, आणि या खेपेस त्यावर सही झाली.

दुसरा अपघात न्यायालयात घडला. राजकारण्यांचे टेलिफोन टॅप होत असल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ही संघटना जयप्रकाशांनी आणीबाणीत स्थापिली आणि तिला आकार दिला तो सासवडच्या विठ्ठल महादेव तारकुंडे यांनी, ज्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायासन सोडून नागरिकांच्या हक्कांची वकिली पत्करली होती. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायमूर्ती कुलदीपसिंग यांनी टेलिफोनवरील संभाषण हे माणसाच्या खाजगी जीवनाचा भाग मानले. पण तो फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी लागावी, ही संघटनेची मुख्य मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. गृहसचिवाने हुकूम द्यावा आणि सचिवांच्याच समितीने त्याचा आढावा घ्यावा, एवढ्यावर भागले. त्या आढाव्याचे काय होते हे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये लिहून ठेवले आहे: केंद्रीय आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे पंधरा ते अठरा हजार हुकूम तपासणीस असतात. समितीत कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव. तीन माणसे, एक बैठक, पंधरा हजार हुकूम! एका हुकुमाला अर्धे मिनिट म्हटले तरी अखंड सव्वाशे तास होतात. याला आढावा म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे.

आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला ते कधी कळवले जात नाही. नियमाप्रमाणे नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात. नागरिकाच्या बाजूने पाहता हा चांगला नियम, पण त्याच नियमाने अन्यायाचा पुरावाही जळून जातो. न्यायालयात दाद मागता येते ती बहुधा ज्याच्यावर खटला भरला त्यालाच, कारण त्यालाच कागद दिसतात. असाच एक मनुष्य, मुंबईचा एक व्यावसायिक, लाच देऊ केल्याच्या आरोपात मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती रणजित मोरे व न्यायमूर्ती जमादार यांनी, या प्रकरणात सार्वजनिक सुरक्षिततेचा काही संबंधच नव्हता असे म्हणून, टॅपिंगचे तिन्ही हुकूम रद्द केले व टिपणे नष्ट करण्यास फर्मावले. ते हुकूम २००९ आणि २०१० चे होते. दहा वर्षांनी.

इतक्या अनुभवानंतर, इतक्या निकालांनंतर, १३८ वर्षांच्या त्या कलमाचे नूतनीकरण करण्याची वेळ आली ती २०२३ च्या डिसेंबरात. नवा दूरसंचार कायदा करायचा म्हणजे जुन्या सनदेवर नव्याने विचार करण्याची अशी संधी पिढीतून एकदा येते. विधेयक १८ डिसेंबरला मांडले गेले, २० तारखेला लोकसभेने आणि २१ तारखेला राज्यसभेने संमत केले. १३ डिसेंबरला लोकसभेत दोन तरुणांनी प्रेक्षकांच्या सज्जातून उडी मारली होती. त्याबद्दल गृहमंत्र्यांनी निवेदन करावे अशी विरोधकांची मागणी होती, आणि त्या गदारोळात अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सभासद निलंबित झाले. त्यांत सुप्रिया सुळे होत्या. गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख असावी असे खाजगी विधेयक २०११ सालीच मांडणारे मनीष तिवारी होते. सभागृहात बेशिस्त झाली होती की मागणी रास्त होती, याविषयी मतभेद असू शकतो. पण संसदेच्या सुरक्षेची चिंता वाहणारी माणसे बाहेर उभी असताना देशाच्या प्रत्येक टेलिफोनचा कायदा आत संमत व्हावा, प्रवर समितीकडे जाऊ नये, न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीवर एकदाही मतविभागणी होऊ नये, हे मला दुःखद वाटते, आणि ते दुःख पक्षाचे नाही. पुढे ६ डिसेंबर २०२४ ला नवे नियम आले. त्यांत एक सुधारणा आहे ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे: निकडीच्या प्रसंगी पोलीस महानिरीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेला हुकूम कामकाजाच्या सात दिवसांत वर मंजूर झाला नाही, तर ऐकलेले संभाषण पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. आढावा समिती मात्र तीच, सचिवांची.

अमेरिकेचे उदाहरण घ्यावे की नाही याचा मी विचार केला, कारण त्या देशाने स्वतःच्या नागरिकांवर पाळत ठेवण्यात काही कमी केलेली नाही. तरीही त्यांच्या परदेशी गुप्तवार्ता कायद्याच्या ७०२ व्या कलमाला मुदत आहे. ते २००८ साली आले, आणि २०१२, २०१८, २०२४ असे तीनदा काँग्रेसपुढे परत आले. १२ एप्रिल २०२४ रोजी प्रतिनिधिगृहात अशी दुरुस्ती मताला पडली की अमेरिकन नागरिकाचा संदेश या साठ्यात धुंडाळायचा तर न्यायाधीशाचे वॉरंट घ्यावे. मते पडली २१२ विरुद्ध २१२. समसमान मतांमुळे दुरुस्ती पडली, पण दोन्ही पक्ष आतून दुभंगले, कोण कोणत्या बाजूला उभा राहिला हे नावानिशी छापले गेले, आणि मुदतवाढ पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांची मिळाली. हरलेल्या पक्षाला ठाऊक होते की दोन वर्षांनी आपण पुन्हा येथेच उभे असू. हे आपल्याकडे कोणाला ठाऊक आहे?

अशी व्यवस्था परदेशातूनच आणावी लागेल असेही नाही. महाराष्ट्राने १९९९ साली केलेला संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, ज्याला सारा देश मोक्का म्हणतो, पुष्कळ बाबतीत कठोर आहे. त्यातील टेलिफोन ऐकण्याची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पुन्हा जिवंत केली. परंतु त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात एक तरतूद आहे, जी केंद्राच्या दूरसंचार कायद्यात शोधूनही सापडत नाही: वर्षभरात टॅपिंगसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, याचा अहवाल सरकारने विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला पाहिजे. २००२ च्या जानेवारीत हा कायदा केंद्राने दिल्लीला लागू केला, म्हणून मुनिरकाच्या गल्लीतही आज महाराष्ट्राचा हा कायदा चालतो. आपल्या आमदारांनी या एका कलमाचा पाठपुरावा दरवर्षी केला तर देशाला धडा मिळेल. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर २०२५ च्या जुलैत मुंबईत विधिमंडळात जी चर्चा झाली तिच्यापूर्वी संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. म्हणजे विचारले तर माणसे उत्तर देतात.

मुदतीचा विषय निघाला की मला मधू लिमये आठवतात. पुण्यात जन्मलेला हा मनुष्य बिहारच्या बांका मतदारसंघातून लोकसभेवर गेला होता आणि आणीबाणीत मिसाखाली मध्य प्रदेशात तुरुंगात होता. पाचव्या लोकसभेची पाच वर्षे मार्च १९७६ मध्ये संपत होती. संसदेने स्वतःच कायदा करून स्वतःची मुदत एका वर्षाने वाढवून घेतली. लिमये यांनी तुरुंगातून राजीनामा दिला, आणि त्यांच्याबरोबर तरुण शरद यादव यांनीही. लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी निवडले होते, सहाव्या वर्षाचा कौल त्यांनी दिलेला नाही, एवढे साधे कारण. खासदारकी सोडून त्यांची सुटका होणार नव्हती, झालीही नाही; उलट बंदिवासात जे थोडे पद-प्रतिष्ठेचे कवच असते तेही गेले. दुसऱ्याच्या सत्तेला मुदत मागणारे पुष्कळ असतात, स्वतःच्या मुदतीचा शेवटचा दिवस त्या माणसाने तुरुंगाच्या भिंतीवर स्वतः मोजला.

निघण्याच्या दिवशी सकाळी घरमालक वर आले. करार महिनाअखेर संपत होता आणि त्यांनी नवा करारनामा, शिवाय व्हेरिफिकेशनचा नवा अर्ज आणला होता. वृद्ध, सभ्य गृहस्थ. मुलाला 'बेटा' म्हणत होते आणि त्याच्या आईच्या प्रकृतीची चौकशी करीत होते. मुलाने छायाचित्र चिकटवले, सही केली, आणि मग, परीक्षेसाठी राज्यघटनेचा अभ्यास करणाऱ्याला सुचावा तसा, त्यांना एक प्रश्न विचारला: गेल्या वर्षीचा अर्ज ठाण्यातून परत येतो का, की तो तेथेच राहतो? आणि मी खोली सोडून गेलो तर?

घरमालक थोडा वेळ विचार करीत उभे राहिले. तीस वर्षे खोल्या भाड्याने देत आहोत, ते म्हणाले, शेकडो मुले येऊन गेली, काही मोठ्या हुद्द्यांवर चढली. पण हे कधी कोणी विचारले नाही. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि ठाणे उघडण्याच्या वेळेत पोचावे म्हणून जिना उतरून गेले.